अडलें तर विचारावें कोणास?

शिवणाचें यंत्र अडलें तर त्याचा कारागीर गांवांत असतो, सायकल मोडली तर तिचें दुकान चौकांत असतें, आणि विकत घेतलेली वस्तु बिघडली तर निदान ज्यानें ती विकली त्याचें दार ठोठावतां येतें. परंतु जी वस्तु कोणीं विकलीच नाहीं, जिच्यासाठीं आपण एक पैहि मोजली नाहीं, ती अडून बसली तर दाद कोणाकडे मागावयाची? लिनक्स या संगणक-प्रणालीसंबंधानें बोलणें निघालें म्हणजे आमच्या परिचयाचे गृहस्थ हाच प्रश्न प्रथम विचारतात, आणि तो गैरवाजवी आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं.

हा प्रश्न अलीकडे घरोघरीं निघूं लागण्यास कारणहि तसेंच घडलें आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या आपल्या प्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. कांहीं अटींवर एक वर्षाची जादा मुदत तिनें देऊं केली, ती गोष्ट निराळी. पुढची जी विंडोज ११, तिला यंत्रांत सुरक्षेसाठीं बसविलेली एक विशिष्ट चिप आणि बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळें दहा वर्षांपूर्वीं घेतलेलें, अद्यापि धडधाकट असलेलें यंत्र एका दिवसांत जणूं सेवानिवृत्त झालें. एकत्र कुटुंबांत असें एक तरी यंत्र बहुधा असतेंच. त्यावर आजोबा पंचांग आणि वर्तमानपत्र पाहतात, सूनबाई घरखर्चाचा हिशेब मांडतात, नातवंडें परीक्षेचे अर्ज भरतात. तें भंगारांत घालावयाचें, कीं त्यावर लिनक्स बसवून आणखी कांहीं वर्षें कामास लावावयाचें, हें ठरविणें पुष्कळ अंशीं आरंभींच्या प्रश्नावर अवलंबून आहे. यंत्र चालेल याची खात्री जाणते देतात. अडल्यावर आपण काय करूं, याची खात्री ज्याची त्यानेंच करून घ्यावयाची असते.

लिनक्सचा जन्मच मुळीं अडण्यांतून आणि विचारण्यांतून झालेला आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचें एक छपाईयंत्र आलें. त्यांत कागद अडकत असे. पूर्वीच्या छपाईयंत्राच्या आज्ञावलींत रिचर्ड स्टॉलमन नांवाच्या तरुण तज्ज्ञानें अशी सोय करून ठेविली होती कीं, कागद अडकतांच वाट पाहणाऱ्यांस तशी सूचना मिळावी. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र त्याला मिळेना. ज्याच्यापाशीं ती होती त्यानें गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखविलें. दुरुस्तीची विद्या ज्याच्या अंगीं आहे त्यालाच दुरुस्तीची मनाई, हें त्यास सहन झालें नाहीं. १९८३ च्या सप्टेंबरांत त्यानें 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली कोणीहि वाचावी, सुधारावी आणि दुसऱ्यास द्यावी, हें त्याचें सूत्र. पुढें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं हेलसिंकी विद्यापीठांतील एकवीस वर्षांच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपण एक लहानशी प्रणाली रचीत असल्याचें एका चर्चामंडळास लिहून कळविलें, आणि त्याच पत्रांत, तींत काय काय असावेंसें वाटतें, अशी लोकांकडे पृच्छा केली. हे दोन प्रवाह एकत्र आले, आणि त्यांतूनच डेबियन, उबुंटू, मिंट इत्यादि नांवांनीं आज मिळणाऱ्या प्रणाली सिद्ध झाल्या. दुकानदाराची जागा येथें शेजाऱ्यानें घेतली आहे ती अशी.

आपल्याकडेहि या शेजारधर्माची परंपरा अगदींच नवी नाहीं. पुण्यास लिनक्स वापरणाऱ्यांचा समूह पुष्कळ वर्षांपूर्वीं स्थापन झाला. त्याच्या सभा सिंबायोसिसच्या संगणकशास्त्र संस्थेंत भरत, आणि 'ग्नूनिफाय' नांवाचें वार्षिक संमेलनहि तेथेंच होत असे. मुंबईकरांचाहि असाच समूह होता. अशा मंडळींच्या मेळाव्यांत ज्यानें त्यानें आपलें यंत्र काखोटीस मारून आणावें, जाणत्यानें त्यावर लिनक्स बसवून द्यावें, आणि चहा घेऊन घरीं जावें, अशी रीत. केरळांत ही गोष्ट शाळांतून रुजली आहे. तेथील सरकारी शाळांतले संगणक लिनक्सवर चालतात, आणि २०१८ पासून 'लिट्ल काइट्स' या नांवाचीं विद्यार्थ्यांचीं मंडळें शाळेंतील यंत्रांची बारीकसारीक निगा राखण्यास हात लावतात. आम्हांस हा प्रकार फार आवडतो. बिघाड ज्या खोलींत झाला त्याच खोलींत उत्तर देणारा बसलेला असतो.

तिरोड्यासारख्या गांवीं तशी सोय नसते. नागपूर-गोंदिया लोहमार्गावरचें हें भाताच्या गिरण्यांचें गांव. जवळ वीजनिर्मितीचा मोठा कारखाना झाल्यापासून वस्ती वाढली, तरी लिनक्सचा जाणता येथें दाराशीं भेटत नाहीं. त्याला लांबूनच, बहुधा लिहूनच विचारावें लागतें. आणि लिहून विचारणें ही स्वतंत्र विद्या आहे. वर्गांत 'गुरुजी, समजलें नाहीं' म्हणणारा मुलगा आणि 'गुरुजी, तिसऱ्या ओळींत षष्ठी कां आली?' असें विचारणारा मुलगा, यांतील दुसऱ्यास अर्ध्या क्षणांत उत्तर देतां येतें. पहिल्यास धडा पुन्हां पहिल्यापासून शिकवावा लागतो, आणि तरीहि त्याचें समाधान होतेंच असें नाहीं.

याचें एक उदाहरण आमच्या वॉर्डांतलेंच सांगतों. एका कुटुंबांत जुन्या यंत्रावर विंडोज ठेवून शेजारींच लिनक्स बसविलें होतें, म्हणजे सुरू करतांना हवें तें निवडावें. थोड्याच दिवसांत यंत्राचें घड्याळ चुकूं लागलें. घरच्या मुलानें 'घड्याळ चुकतें, उपाय सांगा' एवढेंच लिहून पाठविलें. उत्तरें आलीं तींहि तशींच : आंतील बारीक सेल संपला असेल, बदला. सेल बदलला, घड्याळ चुकतच राहिलें. मग त्याला आम्हीं शेजारीं बसवून विचारलें, किती चुकतें? कोणत्या प्रणालींत? केव्हांपासून? तेव्हां कळलें कीं, विंडोज उघडलें म्हणजे तें बरोबर साडेपांच तास मागें असतें, आणि तेंहि लिनक्स वापरून झाल्यानंतरच. सकाळचे साडेदहा, तर विंडोजमध्यें पहांटेचे पांच. हीच दोन वाक्यें लिहून पाठवितांच त्याच दिवशीं अचूक उत्तर आलें.

साडेपांच हा आंकडाच निदान सांगत होता. आपली प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें आहे हें शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. यंत्राच्या पोटांत एक घड्याळ असतें. त्यांत विंडोज आपली स्थानिक वेळ लिहून ठेवतें, तर लिनक्स ग्रीनिचची वेळ लिहितें आणि दाखवितांना तींत साडेपांच तास मिळवून दाखवितें. दोघेहि आपापल्या परीनें बरोबर. फक्त एकाच वहींत दोघे दोन पद्धतींनीं जमाखर्च मांडतात, म्हणून गोंधळ. सेल संपला असता तर घड्याळ कोठल्यातरी जुन्या तारखेस गेलें असतें, बरोबर साडेपांच तासांवर थांबलें नसतें. दोहोंपैकीं एका प्रणालीस दुसरीची पद्धति मानावयास सांगितली कीं काम झालें. लिनक्समध्यें त्यासाठीं एका ओळीची आज्ञा पुरते.

म्हणून विचारणाऱ्यानें रोग सांगूं नये, लक्षणें सांगावीं. 'माझें कार्ड जळलें' हा रोग झाला, आणि तो बहुधा चुकीचाच असतो. 'कालपर्यंत बिनतारी जोडणी मिळत होती, रात्रीं प्रणाली अद्ययावत केली, सकाळपासून जोडण्यांची यादीच दिसत नाहीं' हीं लक्षणें. प्रणालीचें नांव आणि आवृत्ति, यंत्राचें नांव, बिघाडापूर्वीं आपण काय केलें, आणि पडद्यावर आलेल्या सूचनेचे शब्द जसेच्या तसे, एवढें लिहिलें तर परका मनुष्यहि मन लावून वाचतो. सूचनेचा सारांश देण्याचा मोह टाळावा. वैद्यासमोर 'नाडी बरी आहे' असें रोग्यानेंच सांगण्यापैकीं तें आहे.

कांहीं वेळां बिघाड हा बिघाडच नसतो. विंडोजच्या कप्प्यांतील कागद लिनक्समधून वाचतां येतात पण बदलतां येत नाहींत, अशी तक्रार पुष्कळ येते. विंडोजला लौकर सुरू होण्याची एक सोय असते. तिच्यामुळें यंत्र बंद केल्यावरहि तें पुरतें बंद न होतां अर्धवट झोपतें. घरधनी झोपला असतां त्याच्या कोठारांत लिनक्स हात घालीत नाहीं, एवढाच याचा अर्थ. ती सोय काढून टाकावी म्हणजे झालें.

आतां उत्तर घेणाऱ्यानें काय पाहावें? उत्तर देणारे बहुतेक सज्जन असतात, पण सगळेच नव्हेत. आणि सज्जनाचेंहि उत्तर शिळें असूं शकतें. उबुंटूच्या आवृत्तीचा क्रमांक म्हणजे तिचें वर्ष आणि महिना : २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. २०१४ मधील उपाय त्यावर लागू पडेलच असें नाहीं, म्हणून उपायाची तारीख आधीं पाहावी. 'सुडो' या शब्दानें सुरू होणारी आज्ञा म्हणजे घरच्या सर्व किल्ल्या हातीं दिलेला पाहुणा समजावा. टवाळखोर लोक नवख्यास सर्व कागद पुसून टाकणारी आज्ञाहि उपाय म्हणून सांगतात, असें घडलेलें आहे. जिचा अर्थ कळला नाहीं ती आज्ञा लिहूं नये. 'मॅन' हा शब्द आणि त्यापुढें आज्ञेचें नांव लिहिलें कीं तिची माहिती यंत्र स्वतःच दाखवितें. घरचीं छायाचित्रें आणि कागदपत्रें आधीं दुसरीकडे उतरवून ठेवावीं, हें निराळें सांगावयास नको. मुळांत लिनक्स बसविण्यापूर्वींच तें पेनड्राइव्हवरून चालवून पाहतां येतें. त्यानें यंत्रांतील कांहींहि पुसलें जात नाहीं. बिनतारी जोडणी, आवाज, छपाईयंत्र आणि मराठी लेखन हीं चार तेव्हांच तपासून घ्यावीं.

मराठीची गोष्ट जरा विस्तारानें सांगतों. 'आचार्यास बोलावणें धाडा' आणि 'आचाऱ्यास बोलावणें धाडा' या दोन वाक्यांतील भेद जेथें राहत नाहीं, तेथें मुंजीच्या दिवशीं काय अनर्थ होईल याची कल्पना वाचकांनींच करावी. हा भेद करणारा आडवा र यंत्रांतून काढावयाचा कसा, हा नवख्यांचा नेहमींचा प्रश्न. युनिकोड या जागतिक संकेतमालेंत 'ऱ' असें एक अक्षर आहे. तें ठेवलें गेलें द्राविडी भाषांतील एका उच्चारासाठीं. पण त्यास हलन्ताचें चिन्ह आणि पुढें 'य' जोडला कीं आपला 'ऱ्य' सिद्ध होतो. ल आणि श यांची अडचण अधिक सूक्ष्म आहे. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हीं महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें प्रमाण मानलेलीं रूपें. परंतु संकेतमालेंत हिंदी वळण आणि मराठी वळण यांस वेगळे क्रमांक नाहींत. क्रमांक एकच, वळण टंकानें ठरवावयाचें. म्हणून 'अक्षरें हिंदी दिसतात' अशी तक्रार असेल तर टंक बदलण्यापूर्वीं लेखाची भाषा पाहावी. लिबरऑफिसमध्यें ती बहुधा हिंदी नेमलेली सांपडते. ती मराठी केली कीं, टंकांत तशी तरतूद असल्यास, अक्षरें आपलें वळण घेतात.

अशा टंकांपैकीं 'लोहित' हा रेड हॅट कंपनीनें सर्वांस मोकळा करून दिलेला. लोहित म्हणजे तांबडा, आणि कंपनीच्या नांवाचा अर्थ तांबडी टोपी. ज्यानें हें नांव सुचविलें त्याचें संस्कृत चांगलें असावें. टंक मोकळा असल्यामुळें एखादें जोडाक्षर मोडलेलें दिसलें तर तें कळवितां येतें, आणि जाणत्यास तें सुधारतांहि येतें. विकतच्या टंकांत दुसरी गोष्ट ग्राहकाच्या हातीं नसते.

राहतां राहिली विचारण्याच्या भाषेची गोष्ट, आणि आम्हांस सर्वांत काळजी वाटते ती हिची. घड्याळाची अडचण त्या मुलानें इंग्रजींत लिहिली म्हणून सुटली. त्याच्या आजोबांना ती तशी लिहितां आली नसती, त्याच्या आईनेंहि लिहिली नसती. आणि यंत्र अधिक वेळ वापरतात तीं हीं दोघें. मराठींत लिहिलेलीं उत्तरें अजून फार थोडीं आहेत. त्या मुलानें आतां आलेलें उत्तर मराठींत उतरून यंत्राजवळ एक वही टांगली आहे : तारीख, लक्षण, उपाय, लागू पडला कीं नाहीं. तींत आजोबांच्या अक्षरांतहि दोन नोंदी आम्हीं पाहिल्या. उत्तर देणाऱ्यास उपाय लागू पडल्याचें उलट कळविण्याची चालहि त्या घरांत पडली आहे, कारण तसें कळविल्यावांचून पुढच्या विचारणाऱ्यास कोणता उपाय खरा हें समजत नाहीं.

प्रणालींतील पडद्यावरच्या शब्दांचें मराठीकरणहि स्वयंसेवकांनींच केलेलें आहे, आणि तें पुष्कळ जागीं अपुरें आहे. मराठी शब्दांच्या ओळींत मध्येंच इंग्रजी शब्द दिसतो, तेथें कोणाचा तरी हात थांबलेला असतो. त्या जागा भरण्यास आज्ञावली लिहितां येण्याची जरुरी नाहीं. मराठी आणि इंग्रजी बरें येणें पुरतें, म्हणजे आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांचेंच हें काम आहे. वाद होतील ते शब्दांवरून. 'फाइल' म्हणावें कीं 'संचिका', यावर आमच्या दोन मित्रांचें बोलणें सध्यां बंद आहे. आम्ही स्वतः संस्कृताचे अभिमानी असूनहि मत 'फाइल'ला देतों, कारण सूनबाईंना संचिका सांपडत नाहीं आणि फाइल सांपडते.