उदासीला ‘ईमान कमजोर’ म्हणण्याआधी गोव्यातलं हे संशोधन वाचा

घरातली सून दोन महिने नीट बोलत नाही. स्वयंपाकात मन नाही, शेजारी जाणं बंद, फजरची नमाज सुटायला लागली. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी दर्ग्यावर न्यायला सांगतं, आणि कोणीतरी हमखास म्हणतं, ‘ईमान कमजोर झालंय.’ ती स्वतः डॉक्टरला छातीत धडधडतं, झोप लागत नाही एवढंच सांगते आणि गॅसच्या गोळ्या घेऊन घरी येते. पनवेल काय, खारघर-तळोजा काय, आपल्या घरांत डिप्रेशन हा शब्द फार उशिरा येतो.

हे फक्त आपल्याच समाजात होतं असंही नाही. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. वेगवेगळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नसल्याचं तिच्यात दिसलं. एवढ्या लोकांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून?

याचं एक उत्तर कोकण रेल्वेच्याच मार्गावर, गोव्यात तपासलं गेलं. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनचे ४९५ रुग्ण निवडले. सगळे मध्यम-तीव्र ते तीव्र त्रासाचे. निम्म्यांना केंद्रातल्या डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांना त्यासोबत समुपदेशकाच्या ६ ते ८ भेटी, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती.

तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते, भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. (३९ टक्के तसेही सावरले, हे विसरू नका. म्हणूनच अशा अभ्यासात तुलनेचा गट लागतो. ‘अमक्याकडे गेलो आणि बरं वाटलं’ हा पुरावा होत नाही, मग तो अमका बाबा असो की डॉक्टर.) भेटी मिळालेल्या गटात आत्महत्येचे विचार कमी झाले, आणि बायकांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी आढळली. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

या भेटींत करायचे तरी काय? पद्धत मूळ अमेरिकेतल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची. ओरेगॉन विद्यापीठात पीटर लुइनसन यांनी १९७० च्या दशकात मांडलं की माणूस उदास झाला की एकेक गोष्ट सोडतो. गोष्टी सुटल्या की आनंदाच्या जागा कमी होतात, त्यामुळे तो आणखी उदास होतो आणि आणखी सोडतो. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन यांनी उपचाराचे भाग वेगळे करून पाहिले. विचार बदलायला न शिकवता, फक्त सुटलेल्या गोष्टी पुन्हा सुरू करून दिल्या, तरी पूर्ण उपचाराइतकाच फायदा झाला.

म्हणजे ‘मन लागलं की करीन’ ही वाट उलटी आहे. आधी करायचं, मन मागून येतं. पण ‘ऊठ, कामाला लाग’ असं ओरडणं म्हणजे हा उपचार नव्हे, ते तर सासू रोज करतेच. समुपदेशक दिवसाची नोंद ठेवायला लावतो, कोणत्या वेळी जीव जास्त घाबरा होतो ते बघतो आणि अगदी छोटी गोष्ट ठरवतो: गच्चीवर दहा मिनिटं, बहिणीला एक फोन. ती जमली की पुढची.

इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात गझाला मीर आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत मुस्लिम रुग्णांसाठी जुळवून घेतली. धर्माचा आधार हवा का, हे रुग्णालाच विचारायचं. हवा असेल तर नमाज, दुआ, लोकांत मिसळणं हेही त्या छोट्या गोष्टींत येतं. आमच्या मते यातलं ‘विचारायचं’ हे सर्वात महत्त्वाचं. नमाज सुटल्याचा ठपका ठेवला तर आजारी माणूस आणखी खचतो. आपल्या परंपरेलाही हे नवं नाही. दहाव्या शतकात वारलेले अबू झैद अल-बल्खी यांनी कारण असलेलं दुःख आणि काही कारण नसताना येणारी उदासी वेगळी ओळखली होती, आणि दुसरीत शरीरावरच्या उपचारांचाही विचार केला होता.

आता घरच्यांसाठी. सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर, तो औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासणी आणि बोलण्याचे उपचार करतो, औषध देत नाही. त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते बिनधास्त विचारा. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. सरकारी दवाखान्यात मानसिक आजारावर उपचार मिळणं हा २०१७ च्या कायद्याने हक्क आहे. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. कोणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. दर्ग्यावर जायचं असेल तर नंतर जा.