हजेरीपट आणि तापाची साथ

इन्फ्लुएन्झाची साथ एखाद्या शहरात शिरली असता तिची पहिली नोंद बहुधा रुग्णालयात नव्हे, तर शाळेच्या हजेरीपटात होते. ज्या वर्गात एरवी दोन-तीन मुले गैरहजर असतात तेथे एका आठवड्यात दहा-बारा बाक रिकामे दिसू लागले, तर त्या वस्तीतील प्रौढांमध्ये ताप पसरण्यास फार अवधी उरलेला नसतो. इंग्लंडमधील एका निवासी शाळेत 1978 च्या जानेवारीत आलेल्या साथीत 763 मुलांपैकी 512 जणांना दोन आठवड्यांच्या आत अंथरूण धरावे लागले होते, आणि साथरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण आजही गणिती प्रारूप शिकवण्यासाठी वापरले जाते.

मुलांमध्ये ही साथ इतक्या वेगाने का फैलावते, याची कारणे शरीरात आहेत तशी वर्गखोलीतही आहेत. इन्फ्लुएन्झाचा विषाणू आपली बाह्य प्रथिने सतत थोडीथोडी बदलत असतो. प्रौढांच्या रक्तात पूर्वीच्या संसर्गांतून तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला ओळखून निष्प्रभ करणारी प्रथिने, काही प्रमाणात कामी येतात. लहान मुलाजवळ हा साठा तोकडा असतो. परिणामी मुलाच्या शरीरातून विषाणू प्रौढांपेक्षा अधिक दिवस बाहेर पडत राहतो. त्यातच अधिशयन काळ, म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अवधी, अवघा एक ते चार दिवसांचा असून लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासूनच मूल इतरांना संसर्ग देऊ शकते. एका बाकावर दोघे-तिघे, पाच-सहा तास, डबा आणि पाण्याची बाटली सामायिक, अशी विषाणूला सोयीची व्यवस्था दुसरीकडे क्वचितच आढळते.

महाराष्ट्राच्या स्मरणात या विषयाची जागा 2009 च्या पुण्याने व्यापलेली आहे. एच1एन1 या नव्या विषाणूने, ज्याला लोक स्वाइन फ्लू म्हणू लागले, भारतात घेतलेला पहिला बळी ही 3 ऑगस्ट रोजी पुण्यात दगावलेली 14 वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्यानंतरच्या दिवसांत नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नमुन्यांचा ढीग साचला, तोंडावरच्या मास्कबरोबरच कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्याही खपू लागल्या (या पुरचुंड्यांनी विषाणू रोखला जातो, याला कोणताही आधार नव्हता) आणि शहरातील शाळा काही दिवसांकरिता बंद करण्यात आल्या.

शाळा बंद करणे हा उपाय डोळ्यांत भरणारा असला, तरी त्याचे फळ लोक समजतात तेवढे मोठे नाही. फ्रान्समधील सुट्ट्यांच्या काळातील रुग्णसंख्या अभ्यासून संशोधकांनी 2008 मध्ये असा अंदाज मांडला होता की, महासाथीत शाळा दीर्घकाळ बंद ठेवल्यास एकूण रुग्णसंख्या 13 ते 17 टक्क्यांनी घटू शकेल. साथीचे शिखर मात्र याहून अधिक खाली येते, म्हणजे रुग्णालयांवर एकाच वेळी पडणारा भार हलका होतो. हा लाभ मिळतो तो शाळा लवकर बंद झाल्या आणि मुले खरोखरच वेगळी राहिली तरच. निम्मा वर्ग आजारी पडल्यावर कुलूप लावले, आणि मुले शिकवणीत वा गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पुन्हा एकत्र आली, तर हाती काही लागत नाही. उलट शालेय पोषण आहारावर अवलंबून असलेल्या मुलाचे एक वेळचे जेवण तुटते आणि रोजंदारीवर जाणाऱ्या आईचा दिवस बुडतो. जपानमध्ये यावर अधिक नेमका मार्ग रूढ आहे: आजारी मुलांचे प्रमाण वाढले की आधी तेवढा वर्गच काही दिवस बंद होतो, मग गरजेनुसार ती इयत्ता आणि सर्वांत शेवटी पूर्ण शाळा.

आजारी मुलाला घरी ठेवणे हा सर्वांत साधा उपाय आपल्याकडे सर्वांत अवघड ठरतो, कारण शंभर टक्के हजेरीसाठी बक्षीस देणारी शाळा अंगात ताप असलेल्या मुलाला दप्तर उचलण्याचेच प्रोत्साहन देत असते. तापाचे औषध न घेता किमान 24 तास ताप आलेला नसेल तेव्हाच मुलाने वर्गात परतावे, हा नियम सकाळी पॅरासिटामॉल पाजून पाठवलेल्या मुलाच्या बाबतीत अर्थहीन होतो. औषधाने ताप उतरतो, विषाणू नाहीसा होत नाही. ॲस्पिरिन मात्र या आजारात मुलांना देऊ नये, कारण मेंदू आणि यकृत यांना इजा करणाऱ्या राय सिंड्रोम या दुर्मीळ, पण घातक विकाराशी त्याचा संबंध आढळला आहे. मुलाला धाप लागणे, ओठ निळसर होणे, ते पाणी पिईनासे होणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ दवडणे धोक्याचे असते.

हवेकडे शाळांचे लक्ष सर्वांत कमी जाते. अलास्कात 1977 मध्ये इंजिनच्या बिघाडामुळे सुमारे तीन तास जमिनीवर खोळंबलेल्या एका विमानात वायुवीजन बंद होते आणि एक प्रवासी इन्फ्लुएन्झाने आजारी होता. पुढील 72 तासांत प्रवाशांपैकी 72 टक्के आजारी पडले. पावसाची झड आत येते म्हणून खिडक्या लावून घेतलेला वर्ग या विमानाहून फारसा निराळा नसतो. हात धुण्याचाही उपयोग सिद्ध झालेला आहे: कैरोतील 60 प्राथमिक शाळांत केलेल्या प्रयोगात साबणाने हात धुण्याची मोहीम राबवलेल्या शाळांत, प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या इन्फ्लुएन्झामुळे होणारी गैरहजेरी निम्म्याने घटली. अर्थात, त्यासाठी नळाला पाणी आणि नळाजवळ साबण लागतो.

लसीचे महत्त्व लस घेणाऱ्या मुलापुरते मर्यादित नाही. कॅनडातील हटेराइट या सामूहिक जीवन जगणाऱ्या पंथाच्या वस्त्यांत केवळ मुलांना, काही वस्त्यांत इन्फ्लुएन्झाची आणि उरलेल्या वस्त्यांत तुलनेसाठी हिपॅटायटिस-ए ची, लस देण्यात आली. पहिल्या प्रकारच्या वस्त्यांतील लस न घेतलेल्या लोकांना 61 टक्के संरक्षण मिळाल्याचे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. साखळीतील दुवा तुटल्याने इतरांना मिळणाऱ्या अशा लाभास अप्रत्यक्ष संरक्षण म्हणतात. जपानने 1962 पासून शाळकरी मुलांना ही लस दिली, 1987 मध्ये सक्ती सैल केली आणि 1994 मध्ये कार्यक्रम थांबवला. त्या काळातील हिवाळी मृत्यूंच्या आकड्यांवरून, सुमारे 420 मुलांच्या लसीकरणामागे एक मृत्यू, तोही मुख्यतः वृद्धाचा, टळत असावा, असा निष्कर्ष काढला गेला. हा निष्कर्ष प्रयोगातून नव्हे, आकडेवारीतून आलेला आहे आणि त्यावर आक्षेपही घेतले गेले. तरीही नातवाला टोचलेली सुई आजीच्या उपयोगी पडते, हे कॅनडातील प्रयोगानंतर नाकारणे कठीण आहे.

महाराष्ट्रात खरी अडचण दिनदर्शिकेची आहे. येथे इन्फ्लुएन्झाचा मुख्य हंगाम पावसाळ्यात येतो, लसीचा प्रभाव निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि नऊ वर्षांखालील मुलाला प्रथमच लस देताना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजेल तेव्हा मूल सज्ज असावे, तर पहिली मात्रा वार्षिक परीक्षा संपते त्याच सुमारास, एप्रिलच्या अखेरीस, पडायला हवी, आणि दुसरी मेच्या अखेरीस, म्हणजे शाळा बंद, शिक्षक सुट्टीवर आणि मुले मामाच्या गावी असताना.