शाळेच्या पुस्तकांचीही उगवण तपासा

खरीप तोंडावर आला की धानाचे बियाणे घेताना आपण पोत्याला शिवलेला निळा टॅग पाहतो. हा टॅग प्रमाणित बियाण्याचा असतो. १९६६ च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांच्या बियाण्याला लेबल लावणे सक्तीचे केले, प्रमाणीकरण मात्र ऐच्छिक ठेवले. तरीही जाणता शेतकरी टॅग पाहून थांबत नाही. तो शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो आणि आठ-दहा दिवसांनी कोंब मोजतो. ऐंशी उगवले तर बियाणे पेरण्यालायक.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हीच नजर आपल्या मुलांच्या शाळेतील ग्रंथालयाकडेही वळवावी.

सक्ती किती, ऐच्छिक किती?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वर्तमानपत्र, मासिके, सर्व विषयांची व गोष्टींची पुस्तके असावीत, असे ठरविले. ही झाली सक्ती. परंतु पुस्तके किती असावीत आणि ती मुलांच्या हाती किती जावीत, हे त्यात सांगितलेले नाही.

तेथून पुढे ऐच्छिक प्रमाणे सुरू होतात. जगभरच्या ग्रंथालयांच्या महासंघाने युनेस्कोबरोबर २००२ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत दर विद्यार्थ्यामागे दहा पुस्तके आणि लहानात लहान शाळेतही अडीच हजार पुस्तके व इतर साहित्य असावे, असे सुचविले होते. आपल्या दोन शिक्षकी शाळांना हा पल्ला फार लांबचा आहे. पण विद्यापीठाने सांगितलेला उतारा आपल्या बांधीत येत नाही, म्हणून आपण शेती सोडत नाही. दरवर्षी थोडे पुढे सरकतो. येथेही तसेच.

आपल्या देशात २०१५ साली ‘शाळासिद्धी’ कार्यक्रम सुरू झाला. त्यात शाळेने स्वतःच स्वतःला तपासायचे होते. ग्रंथालयासाठी दोन वेगळ्या नोंदी होत्या. एक, वस्तू आहे काय व पुरेशी आहे काय. दुसरी, ती चांगली व वापरण्याजोगी आहे काय. हा भेद फार मोलाचा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कपाट मोजून देता येते. दुसऱ्याचे उत्तर मुलांकडे पाहूनच मिळते.

कुलूप का लागते?

अनेक खेड्यांत शाळेचे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले एक लोखंडी कपाट. पुस्तके आहेत, आकडा कागदावर भरलेला आहे, पण किल्ली खिशात. याचा दोष एकट्या शिक्षकाला देऊ नये. पुस्तक हरवले किंवा फाटले तर भरपाई आपल्याकडून वसूल होईल, ही धास्ती त्याच्या मनात असते. म्हणून तो पुस्तके जपतो आणि वाचन उपाशी राहते. कणगी भरलेली आणि घरात चूल थंड, असा हा प्रकार.

मध्ययुगात युरोपातील ग्रंथालयांत पुस्तके साखळीने बांधून ठेवीत. आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचे आद्य पुरुष डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच नियम मांडले, तेव्हा जपणुकीच्या आधी वापराला स्थान दिले. आपल्या कपाटाचे कुलूप हे त्या साखळीचेच भावंड आहे.

पुस्तकांची उगवण चाचणी

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळेचा विकास आराखडा करणे हे समितीचेच काम. तेव्हा मुख्याध्यापकांना विश्वासात घेऊन ही तपासणी अवश्य करावी. हा कोणत्याही खात्याचा नियम नव्हे, आपल्या शेतीतली रीत आहे.

१. पुस्तकांच्या दाखल नोंदवहीतून सारख्या अंतराने शंभर पुस्तके निवडावीत. एकूण पुस्तके कमी असल्यास सर्वच घ्यावीत.

२. देवघेव नोंदवही उघडून, यांपैकी किती पुस्तके गेल्या वर्षात एकदा तरी मुलांच्या घरी गेली, ते मोजावे. नोंदवहीच नसेल, तर तेच पहिले उत्तर समजावे.

३. न गेलेली पुस्तके बाहेर काढून पाहावीत. ती फाटकी, जुनी किंवा मुलांच्या वयाला न शोभणारी असतील, तर बियाणेच खराब. ती चांगली असतील, तर बियाणे उत्तम पण ओल मिळाली नाही. म्हणजे किल्ली, वेळ किंवा सांगणारे माणूस कमी पडले.

दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. बियाणे खराब असेल तर पुढील खरेदीत लक्ष घालावे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तराप्रमाणे पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. आपल्या शाळेला काय मिळाले, त्यातून कोणती पुस्तके आली, हे समितीने आदराने विचारावे. पहिली-दुसरीला मोठ्या अक्षरांची चित्रमय पुस्तके हवीत. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेले ‘किशोर’ मासिक मोठ्या मुलांना आवडते.

ओल कमी असेल तर पैसा लागत नाही. आठवड्यातून एक वाचनाचा तास, पुस्तके देण्याचा ठरलेला वार आणि नोंदीसाठी सातवीतील दोन मुली पुरेत. शिवाय समितीने ठराव करावा की, वापराने झिजलेल्या पुस्तकाचा दोष शिक्षकावर येऊ नये. शंभरातले वीस दाणे न उगवले तरी आपण बियाणे चांगले म्हणतो. मग शंभरातली चार पुस्तके फाटली, तर एवढा गहजब कशाला? फाटलेले पुस्तक बहुधा वाचलेले असते.

हे आपल्यासाठी का?

तुमसर म्हणजे धानाची बाजारपेठ. तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी. शेतकऱ्याची, मजुराची आणि खाण कामगाराची मुले एकाच बाकावर बसतात. घरी कोणी झाडीबोली बोलतो, कोणी पोवारी. पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांना थोडी परकी वाटते. ते अंतर गोष्टीचे पुस्तक हसतखेळत कापते. चौथी-पाचवीपर्यंत वाचनाची गाडी रुळावर आली नाही, तर पुढे गणित आणि विज्ञानही अडते.

शेती विस्ताराच्या कामात एक गोष्ट नेहमी दिसते. कीटकनाशकाच्या डब्यावरची सूचना, बँकेचा कागद, सातबारा, हे सारे पुष्कळ घरांत शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा वाचून दाखवतो. त्याचे वाचन कच्चे राहिले, तर नुकसान साऱ्या घराचे होते.

रोवणीच्या धांदलीत शाळेकडे पाहायला सवड मिळत नाही. म्हणून पऱ्हे टाकून झाले की समितीची बैठक बोलवावी आणि कपाट उघडायला सांगावे. मुलाने घरी पुस्तक आणले, तर निजण्यापूर्वी ते आजीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. ग्रंथालयाचे खरे प्रमाणपत्र तेच.