कुट्टीचे तोंड आणि हाताचे अंतर

मागच्या आठवड्यात मळणीयंत्र आणि त्यापायी झालेला १९८३ चा धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा पाहिला. आज गोठ्यात जाऊ, कडबाकुट्टीपाशी.

हाताने चाक फिरवायची कुट्टी होती तेव्हा कामाला दोन माणसे लागत. एक चाक फिरवी, दुसरा पेंडी सारी. सारणारा ओरडला की चाक थांबे. मोटर आली आणि फिरवणाऱ्याची गरज संपली. ओरडा ऐकून थांबणाराही त्याच्याबरोबर गेला. आता धारेच्या आधी एकटी बाई उसाचे वाढे सारत असते आणि बटण असते पलीकडच्या भिंतीला.

भीती सगळ्यांना पात्यांची वाटते. हात मात्र आधी सापडतो तो रुळांत. दोन दातेरी रूळ चारा पकडून पात्यांकडे ढकलतात. शेवटची मूठभर धाटे रुळांपर्यंत पोचत नाहीत, म्हणून माणूस ती तळहाताने रेटतो. ओली वैरण बोटांना गुंडाळते, बांगडी नाहीतर बाही दात्यांत अडकते. समजा, चाक मिनिटाला ३०० फेरे घेते आणि त्यावर दोन पाती आहेत. म्हणजे सेकंदाला १० काप. तुकडा २ सेंटीमीटरचा धरला तर रूळ सेकंदाला २० सेंटीमीटर चारा ओढतात. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत मोठ्या माणसाचा हात साधारण १८-१९ सेंटीमीटर भरतो. शिवाय बटण बंद केले तरी जड चाक काही वेळ फिरतच राहते. या हिशेबापुढे ‘जरा बघून काम करायचं’ असे जखमी बाईलाच सुनावणाऱ्यांचा मला राग येतो.

दिल्लीच्या आयआयटीत प्रा. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या गावांत या अपघातांचा अभ्यास केला. जखमींमध्ये लहान मुलेही होती. हाताने चालणाऱ्या कुट्टीचे चाक त्यांना खेळणे वाटे. अभ्यासकांनी सुचवलेले उपाय स्वस्त होते: काम नसताना चाकाला खीळ, पात्यांवर आडोसा, आणि रुळांच्या अलीकडे आणखी एक रूळ. हात पुढे गेला की आधी तो लागतो आणि माणूस सावध होतो.

माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ज्यातून चारा रुळांकडे सारतात त्या पन्हळीची लांबी. वरून झाकलेली पन्हळ हातापेक्षा लांब असली की बोटे रुळांपर्यंत जातच नाहीत. उरलेली धाटे लाकडी दांडक्याने सारावीत. खरेदीच्या वेळी आपण मोटर किती एचपीची, तासाला किती चारा निघतो हे विचारतो. पन्हळ कोणी मोजत नाही. रूळ थांबवणारा किंवा उलटे फिरवणारा दांडा असेल, तर सारणाऱ्याच्या जागी उभे राहून तो दुसऱ्या हाताने ओढता येतो का, तेही दुकानातच पाहावे.

कारखान्यात यंत्राचे धोक्याचे भाग झाकण्याची जबाबदारी १९४८ च्या कायद्याने मालकावर टाकली. त्याआधीच १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने बोटांचा दर लावला होता. पुढे तो असा झाला: अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधले बोट १२. गोठ्यात मालकही आपण, मजूरही आपणच. शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे. एक अवयव निकामी झाला तर १ लाख, दोन झाले तर २ लाख.

आता बोट तुटलेच तर. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, चहापूड काही भरू नये. तुटलेले बोट सलाइनने ओलसर केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात घातले तर पेशी मरतात. थंड ठेवलेले बोट सुमारे २४ तासांपर्यंत जोडता येण्याची शक्यता असते. मनगटापासून तुटलेल्या हाताला त्याहून खूपच कमी वेळ मिळतो. कुट्टीत बोटाचे दोन-तीन तुकडे झाले असतील तर जोडणे अवघड असते, तरी सगळे तुकडे सोबत न्यावेत. काय वाचेल ते सर्जनला ठरवू द्यावे. आणि १०८ ला फोन केल्यावर रुग्णालयातही फोन करून तिथे मायक्रोसर्जरी होते का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.