विनंती आणि उत्तर यांच्या मधला घोळ

आठ कोअरचा प्रोसेसर ही मोबाइलच्या जाहिरातीतली नेहमीची ओळ. या आठही कोअरना एकाच मेमरीतला डेटा लागतो, पण मुख्य मेमरी त्यांच्या मानाने फारच संथ असते. म्हणून प्रत्येक कोअर डेटाची प्रत स्वतःच्या कॅश मेमरीत ठेवतो, बहुधा ६४ बाइटच्या ओळींत. एकाने आपली प्रत बदलली की बाकीच्यांच्या प्रती शिळ्या होतात.

यावरची जुनी युक्ती म्हणजे स्नूपिंग. कोअरला एखादी ओळ बदलायची असेल तर तो सामाईक बसवर तशी विनंती टाकतो. बाकीच्या कॅश बसचा कानोसा घेतच असतात. ती ओळ ज्यांच्याकडे असेल ते आपली प्रत रद्द करतात. कुणाकडे सर्वांत ताजी प्रत असेल तर तो ती आधी पुरवतो. अशी पद्धत जेम्स गुडमन यांनी १९८३ मध्ये मांडली. १९८४ मध्ये मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी ‘इलिनॉय’ प्रोटोकॉल मांडला. तोच आज ‘मेसी’ म्हणून ओळखला जातो. त्यात ओळीच्या अवस्था चारच : बदललेली, एकट्याकडची, सामाईक आणि रद्द.

चार अवस्थांचा तक्ता पानभरात मावतो. तो प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, उतरवताना मात्र घाम फुटतो, कारण विनंती आणि उत्तर यांच्यामध्ये वेळ जातो. समजा, ‘अ’ आणि ‘ब’ दोघांकडे एकच ओळ सामाईक अवस्थेत आहे. दोघेही एकाच वेळी फक्त लिहिण्याची परवानगी मागतात. बसवर ‘अ’चा नंबर आधी लागतो. त्याची स्नूप विनंती येताच ‘ब’ची प्रत रद्द होते. आता ‘ब’ला नुसती परवानगी मिळून भागणार नाही, डेटाही नव्याने मागवावा लागेल. हे कोडमध्ये राहून गेले, तर ‘ब’ शिळ्या प्रतीवर बिनधास्त लिहितो आणि ‘अ’ने केलेला बदल पुसला जातो. म्हणूनच चार मुख्य अवस्थांखेरीज कितीतरी मधल्या अवस्था लिहाव्या लागतात.

‘जेम-५’ या मुक्त सिम्युलेटरच्या ‘अॅटॉमिक’ पद्धतीत प्रत्येक व्यवहार एका दमात पुरा होतो. तिथे अशी टक्कर होतच नाही. ‘टायमिंग’ पद्धतीत विलंब खरे धरले जातात, तेव्हा अर्धवट व्यवहाराच्या मध्येच स्नूप येऊन धडकते. कधी तिला लगेच उत्तर द्यावे लागते, तर कधी डेटा हाती येईपर्यंत थांबवून ठेवावे लागते. या टकरी मुद्दाम घडवण्यासाठी मोजक्याच पत्त्यांवर सगळ्या कोअरकडून यादृच्छिक वाचन-लेखनाचा मारा केला जातो. नेहमीचे प्रोग्राम बिनतक्रार चालले, एवढ्यावर प्रोटोकॉल बरोबर ठरत नाही. या माऱ्यात टिकला, तरच त्यावर भरवसा ठेवावा.