डीएनएतील नियामक आकृतिबंधांचा संगणकीय शोध व त्याचे मूल्यमापन

डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल) रेणूच्या अनुक्रमात जीनांच्या (आनुवंशिक घटकांच्या) कार्याचे नियंत्रण करणारी आखूड स्थाने असतात. ही स्थाने हुडकून काढणाऱ्या संगणकीय आज्ञावली कितपत विश्वसनीय आहेत हे ठरविणे, हा जीवविज्ञान व संख्याशास्त्र यांच्या सीमेवरील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी : प्राण्याच्या बहुतेक सर्व कोशिकांत (पेशींत) डीएनए एकच असला, तरी यकृताच्या आणि तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) कोशिकांत निरनिराळे जीन कार्यान्वित असतात. कोणता जीन केव्हा व किती प्रमाणात व्यक्त व्हावा, हे पुष्कळ अंशी प्रतिलेखन घटक या प्रथिनांवर अवलंबून असते. ही प्रथिने जीनाच्या लगत, तर कधी त्यापासून बऱ्याच अंतरावर, साधारणतः ६ ते २० क्षारकांच्या स्थानांना बद्ध होतात. एकाच प्रथिनाची स्थाने परस्परांसारखी असतात. परंतु तंतोतंत एकरूप नसतात. त्यांच्यातील समान रचनेस आकृतिबंध म्हणतात. जीनांच्या नियमनाची कल्पना फ्रांस्वा झाकॉब व झाक मॉनो यांनी १९६१ मध्ये सुस्पष्टपणे मांडली. १९७५ मध्ये डेव्हिड प्रिबनाऊ यांनी जीवाणूंमध्ये प्रतिलेखनाच्या प्रारंभबिंदूच्या सुमारे १० क्षारक अलीकडे ‘टीएटीएएटी’ या अनुक्रमाशी साम्य असलेला भाग आढळतो, असे दाखविले.

शोधाच्या पद्धती : आज्ञावलींचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील आज्ञावली ठराविक लांबीचे सर्व शब्द मोजून अपेक्षेपेक्षा अधिक वेळा येणारे शब्द निवडतात. दुसऱ्या वर्गातील आज्ञावली प्रत्येक जागी ए, सी, जी व टी यांपैकी कोणता क्षारक किती संभाव्यतेने येतो, याचा तक्ता मांडून तो टप्प्याटप्प्याने सुधारीत जातात. असे तक्ते गॅरी स्टॉर्मो व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये वापरात आणले. १९९३ मध्ये चार्ल्स लॉरेन्स व त्यांचे सहकारी यांनी गिब्ज प्रतिचयन पद्धती या कामी लावली आणि १९९४ मध्ये टिमथी बेली व चार्ल्स एल्कन यांनी ‘मीम’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली.

मूळ अडचण : नियामक स्थाने आखूड व अनुक्रम प्रदीर्घ, ही या शोधातील खरी अडचण होय. चारही क्षारक समप्रमाणात व यदृच्छ रीतीने येतात असे मानल्यास ६ क्षारकांचा एखादा शब्द सरासरीने ४,०९६ जागांतून एकदा आढळेल. म्हणजेच मानवाच्या सुमारे ३ अब्ज क्षारकांच्या अनुक्रमात तो केवळ योगायोगाने ७ लाखांहून अधिक वेळा येईल. यांतील बहुतेक ठिकाणी जीनांच्या नियमनाचे कोणतेही कार्य चालत नाही. यासाठीच वाइथ वॉसरमन व आल्बिन सँडेलिन यांनी २००४ मध्ये केवळ तक्त्याच्या आधारे वर्तविलेली जवळजवळ सर्व स्थाने कार्यहीन असतात, असे प्रतिपादन केले. पाव्हेल पेव्हझ्नर व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये या अडचणीचे एक कोडेच घातले : प्रत्येकी ६०० क्षारकांचे २० यदृच्छ अनुक्रम घेऊन प्रत्येकात १५ क्षारकांचा एकच शब्द, ४ क्षारक बदलून, लपवावयाचा. अशी दोन स्थाने परस्परांपासून ८ जागी भिन्न असू शकतात. त्यामुळे त्या वेळच्या नावाजलेल्या आज्ञावलींनाही तो शब्द सापडेना.

मापने : मूल्यमापनासाठी ज्ञात स्थाने व वर्तविलेली स्थाने यांची तुलना करतात. ज्ञात क्षारकांपैकी किती सापडले, यास संवेदनशीलता व वर्तविलेल्यांपैकी किती खरे ठरले, यास यथार्थता म्हणता येईल. केवळ ‘शेकडा किती बरोबर’ हे मापन येथे फसवे ठरते. समजा, १०,००० क्षारकांपैकी १०० नियामक स्थानांत आहेत. एका आज्ञावलीने २०० क्षारक दाखविले व त्यांतील ४० बरोबर निघाले. म्हणजे तिची संवेदनशीलता ४० टक्के व यथार्थता २० टक्के झाली. तिचे एकूण ९७·८ टक्के निर्णय बरोबर आहेत. उलट, एकही स्थान न दाखविणाऱ्या आज्ञावलीचे ९९ टक्के निर्णय बरोबर ठरतात! म्हणून दोन्ही बाजूंच्या चुका विचारात घेणारा सहसंबंध गुणांक वापरणे इष्ट असते.

२००५ ची तुलना : मार्टिन टॉम्पा व त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये १३ आज्ञावलींची तुलना प्रसिद्ध केली. माणूस, उंदीर, फळमाशी व यीस्ट यांच्या अनुक्रमांचे ५६ संच वापरण्यात आले. त्यांपैकी काहींत खरी स्थाने त्यांच्या मूळ परिसरात ठेवली होती, काहींत ती अन्य वा कृत्रिम अनुक्रमांत रोवली होती. काही संचांत तर एकही स्थान नव्हते. खोटे स्थान कोण दाखवितो, हे त्यांवरून कळावे हा हेतू होता. प्रत्येक आज्ञावली तिच्या जाणकाराने चालविली. तरीही निष्कर्ष एकंदरीत निराशाजनक निघाले. यीस्टच्या बाबतीत यश अधिक मिळाले. ‘वीडर’ ही आज्ञावली बहुतेक मापनांत सरस ठरली. तथापि एकाच आज्ञावलीवर विसंबू नये, परस्परपूरक अशा अनेक वापराव्यात, असा सल्ला संशोधकांनी दिला. ज्ञात स्थानांची यादीच अपुरी असल्याने ‘खोटे’ ठरलेले एखादे स्थान प्रत्यक्षात खरे असू शकते, ही मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते.

नंतरची प्रगती : २००७ पासून प्रथिनांना बद्ध झालेले डीएनएचे तुकडे वेगळे करून त्यांचा क्रम थेट वाचण्याचे तंत्र प्रचारात आले व शोधाचे क्षेत्र काही शे क्षारकांपर्यंत आकुंचित झाले. २०१५ मध्ये ‘डीपबाइंड’ या आज्ञावलीने बहुस्तरीय तंत्रिका-जालांचा या कामी उपयोग केला. यामुळे परीक्षेचे निकष अधिक काटेकोर करावे लागतात. शिकविण्यासाठी वापरलेले अनुक्रम चाचणीत येऊ देता कामा नयेत. तसेच तुलनेसाठी घेतलेल्या अनुक्रमांत जी व सी यांचे प्रमाण मूळ संचासारखे असावे. अन्यथा आज्ञावली आकृतिबंधाऐवजी केवळ हे प्रमाण ओळखावयास शिकते.

महत्त्व : २०१३ मध्ये टर्ट या जीनाच्या प्रवर्तक भागात एकाच क्षारकाच्या बदलाने नवे बंधनस्थान निर्माण होते व असे बदल त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात वारंवार आढळतात, असे दिसून आले. प्रथिनाची घडण न बदलताही रोग कसा संभवतो, याचे हे उदाहरण होय. रुग्णाच्या डीएनएतील असंख्य बदलांपैकी नेमका कोणता तपासावा, हे सुचविण्याचे काम आज्ञावली करू शकते; परंतु प्रत्येक खोट्या निर्देशापायी प्रयोगशाळेतील दीर्घ परिश्रम व्यर्थ जातात आणि निसटलेल्या प्रत्येक स्थानाबरोबर रोगाचे एखादे कारण अज्ञात राहते. शिवाय, प्रथिन बद्ध झाले म्हणजे जीनाचे नियमन झालेच, असे नव्हे. त्यामुळे आज्ञावलीचे उत्तर हे अनुमान मानून अखेरचा निर्णय प्रयोगानेच करावा लागतो.