कामात मागे पडलेला सेवक

जुना मुनीम नोंदी विसरू लागला किंवा हमाल मागे पडू लागला, की आपण त्याचा हिशेब चुकता करतो. आमच्या मते प्रथम कारण शोधावे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या विषारी वायूने भोपाळातील कित्येक कष्टकऱ्यांचा दम कायमचा हिरावला. अशाच एका हमालास आळशी समजून आम्ही त्याची मजुरी कापली. पुढे खरे कारण कळले तेव्हा आम्ही लज्जित झालो. त्यास काट्यावर बसविले; तेथे त्याचे काम चोख ठरले.

कारण मद्य असेल तर उपचार हवा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी स्थापिलेले मुक्तांगण हेच कार्य करते. चूक एकांतात सांगावी, मुदत द्यावी, काम बदलून पाहावे. मगच निर्णय घ्यावा. यासाठी आपल्या संघाने एक लहानसा निधी उभारावा, ही नम्र विनंती.